तागडीत न घेतलेला मासा

तेलगावच्या चौकात एक भोई आणि त्याची बायको मासे विकत. बीडहून परळीला जाणारा आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा, असे दोन रस्ते इथं एकमेकांना छेदतात. शेजारी साखर कारखाना. गळीत हंगामात उसाच्या गाड्यांची रांग लागली की दुपारच्या आत पाटी रिकामी व्हायची. मासा माजलगावच्या धरणातला. भोई पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढायचा आणि दिवस वर आला की बायको चौकात तागडी धरायची. हिशेब सगळा तिच्याकडं. लोक त्याला आबा म्हणत, तिला मावशी.

आबानं धरण होताना पाहिलं होतं. सिंदफणा नदी अडवली, १९८७ साली काम पुरं झालं आणि जिथं डोहात उतरून बाप-आजा मासे धरायचे तिथं नजर पोचणार नाही एवढं पाणी उभं राहिलं. त्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ सोडले गेले. सुरुवातीच्या वर्षांत कटला असा निघायचा की एका पाटीत दोन मावत नसत.

मग बारीक आसाचं नायलॉनचं जाळं आलं. आबाच्या पुतण्यानं ते आधी घेतलं. त्यात बोटाएवढी मासळीसुद्धा सुटत नव्हती आणि ढाब्यांवर कुरकुरीत तळायला तीच बारीक मासळी लोक मागायचे. पुतण्याची पाटी रोज भरायला लागली. आबाची अर्धी राहायला लागली. वर्षभर त्यानं दम धरला, मग त्यानंही तसलंच जाळं घेतलं. त्याला दोष देणं सोपं आहे, पण ज्याच्या घरात पाटीवरच चूल पेटते तो शेजाऱ्याची भरलेली पाटी किती दिवस बघत बसणार?

पुढं दुष्काळ आला. २०१६च्या उन्हाळ्यात धरणात जिवंत साठा उरला नव्हता, तळ उघडा पडला. आबा म्हणाला, पाणी गेलं म्हणून मासा गेला. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी धरण भरलं. मच्छीमार संस्थेनं पुन्हा बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडली. पाणी परत आलं, वर्षांमागून वर्षं गेली, मोठा मासा काही परत आला नाही. जाळ्यात बोटभर मासळीच येत राहिली आणि तीही कमी कमी. आबा आता पाण्याला बोल लावी, नशिबाला लावी. जाळ्याकडं त्याचं लक्ष गेलं नाही.

आबाचा लेक शिकून न्यूझीलंडला ऑकलंडमध्ये नोकरीला होता. त्यानं आईबापांना बोलावलं. मावशी म्हणाली, "पाटी कोण सांभाळील? तुमी जाऊन या." जून महिना होता. इकडं मृगाची वाट बघणं चाललेलं, तिकडं कडाक्याची थंडी. लेकाला बापाला काहीतरी त्याच्या आवडीचं दाखवायचं होतं. मोटारीनं चारेक तास नेऊन त्यानं आबाला तौपो सरोवराच्या दक्षिणेला तुरांगी गावी आणलं. तिथं टोंगारिरो नदीकाठी मासे धरायला येणाऱ्यांसाठी लाकडी लॉज असतात. राहणं, जेवण आणि सोबत नदीची ओळख असलेला वाटाड्या. ट्राउट मासा धरायला जगभरातून माणसं पैसे मोजून तिथं येतात. मासे धरायला पैसे द्यायचे, हे आबाला पहिल्या दिवशी खरंच वाटेना.

सकाळी वाटाड्यानं त्याला छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली, पायात जाड बूट घातले आणि नदीत उतरण्याआधी ते बूट औषधाच्या पाण्यानं धुतले. आबानं लेकाकडं पाहिलं. लेक म्हणाला, "आबा, ह्यांच्या दक्षिण बेटावरच्या नद्यांत २००४ साली डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. बुटाला चिकटून एका नदीतून दुसरीत जातं ते. इकडं येऊ नये म्हणून सगळेच धुतात." देवळात शिरताना पाय धुवावेत तसं माणसं नदीत शिरताना पाय धुतात, हे आबाच्या मनात बसलं.

वाटाड्यानं गळ लगेच टाकला नाही. काठाजवळचा एक गोटा उचलला, उलटा केला आणि आबासमोर धरला. खाली बारीक किडे वळवळत होते. मग त्यानं खिशातली डबी उघडली. आत पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या खोट्या माश्या, त्या किड्यांसारख्याच. मासा आज काय खातोय ते आधी बघायचं आणि तेच त्याच्यापुढं धरायचं, एवढीच या विद्येची सुरुवात. आबा हसला. त्याच्या बापानंही त्याला आधी पाणी बघायलाच शिकवलं होतं.

दोरी फेकणं मात्र त्याला जमेना. फेकजाळं टाकणाऱ्याचा हात खांद्यातून येतो, सगळा जोर लावून. इथं दोरी मागं पूर्ण लांबली की क्षणभर थांबायचं आणि मग मनगटानं पुढं सोडायची. जोर लावला की गुंता. दुपारपर्यंत नुसताच गुंता झाला. पण संध्याकाळी वाटाड्या एका धारेकडं बोट दाखवत असताना आबानं मान हलवली आणि जरा वरच्या अंगाला, एका बुडालेल्या दगडामागचं संथ पाणी दाखवलं. वाटाड्यानं निरखून पाहिलं. तिथं मासा होता. त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा आदर ओळखायला आबाला दुभाष्या लागला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच दगडामागं मासा लागला. आबानं सैल सोडत, ओढत, दमवत तो काठाला आणला. दीड-दोन किलोची ट्राउट मादी, अंगावर गुलाबी पट्टा, पोट टम्म फुगलेलं. आबानं पोटाकडं बघितलं आणि ओळखलं. "चढणीची हाय," तो म्हणाला. सरोवरातला मासा हिवाळ्यात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध नदीत चढतो. पहिल्या पावसात सिंदफणेला आणि ओढ्यांना पाणी आलं की तेलगावकडंही हेच होतं.

वाटाड्यानं आधी आपले दोन्ही हात नदीत भिजवले. कोरडा हात लागला तर माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग तो रोगानं मरू शकतो. गळाला उलटा काटा नव्हता, तो अलगद सुटला. त्यानं मासा तोंड प्रवाहाकडं करून पाण्यात धरला, कल्ले हलू दिले. माशानं शेपूट मारली आणि तो गेला.

"आरं, कामून सोडला?" आबा ओरडलाच. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांदेखत धरलेला मासा पाण्यात परत गेला होता.

रात्री जेवणात मेंढीचं मटण आलं. आबानं विचारलं, मासा कुठाय? लेकानं सांगितलं, की या देशात ट्राउट विकायला कायद्यानं बंदी आहे. बाजारात नाही, हॉटेलात नाही. तुम्ही स्वतः धरून आणला तरच तुम्हाला शिजवून देतील. किती धरायचे, केवढे धरायचे, हे परवान्यात ठरलेलं. जो मासा विकता येत नाही त्याच्या जिवावर गावंच्या गावं चालतात, लॉज, वाटाडे, दुकानं. आबा कितीतरी वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ह्यास्नी सांग, हे पोट भरलेल्याचं बोलणं हाय. आमचं पोट माशावर हाय. आमी सोडला तर खायचं काय?"

लेकानं सांगितलं. वाटाड्या हसला नाही. त्यानं थोडा विचार केला आणि जे म्हणाला ते लेकानं बापाला मराठीत सांगितलं: "ही नदी उद्या रिकामी झाली तर इथं येणारे पाहुणे दुसऱ्या नदीवर जातील, नाहीतर दुसरा खेळ धरतील. त्यांचं काही अडणार नाही. तुमचं अडेल. म्हणजे मासा सोडायची गरज त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त आहे."

आणि तो पुढं म्हणाला, की हा मासा मुळात इथला नाहीच. तपकिरी ट्राउटची अंडी १८६४ साली इंग्लंडहून टास्मानियाला जहाजातून आली, शेवाळात गुंडाळून, बर्फात ठेवून. तिथल्या माशांची वीण १८६७ साली न्यूझीलंडला आली. आज हातातून सुटला तो इंद्रधनुषी ट्राउट १८८३ साली कॅलिफोर्नियातून आला. माणसानं आणला म्हणून माणसालाच सांभाळावा लागतो. ट्राउटनं तिथल्या मूळच्या लहान माशांचं नुकसानही केलं आहे, हे त्यानं लपवलं नाही.

आबाला ठाऊक नव्हतं, पण त्याच्या धरणातल्या माशाची गोष्टही हीच आहे. रोहू, कटला, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले. ते साठलेल्या पाण्यात आपसूक वीत नाहीत. एके काळी त्यांचं बीज हावड्याहून पत्र्याच्या डब्यांतून आगगाडीनं देशभर जायचं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाची सुई देऊन या जातीच्या माशांची वीण घडवली, तेव्हापासून हॅचरीत मत्स्यजिरे, म्हणजे माशांची इवली पिल्लं, तयार होऊ लागले. जिऱ्याची बोटुकली होईपर्यंत कुणीतरी ती तळ्यात खाऊ घालून वाढवतो. मग ती धरणात सुटते. एवढ्या हातांनी जपून आणलेला जीव चार महिन्यांत बारीक जाळ्यात येतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडं राखण्याची रीत नव्हती असंही नाही. महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून महसीर माशांना कुणी हात लावत नाही. वाड्याजवळ तिळसे इथं वैतरणेच्या डोहातही देवाचे मासे राखले जातात. देवाच्या नावानं एक डोह वाचतो. उरलेली नदी कुणाच्या नावानं राखायची, ते आपण अजून ठरवलेलं नाही.

आबा परत आला तेव्हा पहिला मोठा पाऊस होऊन ओढे वाहते झाले होते. गावातली पोरं काठ्या आणि जाळी घेऊन चढणीच्या माशांवर निघाली होती, पुतण्याही होता. त्यानं हाक मारली, "चला आबा, पोटुशा मासळीनं ओढा भरलाय." आबा गेला नाही. घरी येऊन त्यानं मावशीला सगळं सांगितलं, नदी, धुतलेले बूट, सोडलेली मादी, वाटाड्याचं बोलणं. त्याला वाटलं होतं ती म्हणेल, श्रीमंतांचे चोचले. ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या चौकात पाटी घेऊन आला. मावशीनं त्याच्या पाटीतली लहान मासळी उचलून तागडीत टाकली, दुसऱ्या पारड्यात किलोचं वजन ठेवलं आणि काटा समेवर येईपर्यंत एकेक मासा मोजला. वीस झाले.

"हे वीस जीव मिळून एक किलो," ती म्हणाली. "वरीसभर धरणात ऱ्हायले असते तर एकेक किलोच्या घरात गेला असता. निम्मे मेले म्हण, मरळीनं खाल्ले, बगळ्यानं नेले. तरी दहा किलो. आन् मोठ्या माशाला किलोमागं भाव जास्तीचा. तू रोज एक किलो विकून नऊ किलो बुडवायलास, आन् ते नऊ एकट्या तुझे न्हाईत."

पुतण्या चिडला. म्हणाला, पोरीच्या शाळेची फी भरायचीय, वरीसभर कोण थांबणार, मी सोडले तर दुसरा धरील. त्याचं शेवटचं वाक्य खोटं नव्हतं. धरणावर जाळी टाकणारे ते दोघेच नव्हते. आबानं त्याला उत्तर दिलं नाही. त्यानं आपलं बारीक जाळं त्याच दिवशी माळ्यावर टाकलं आणि रुंद आसाचं जुनं जाळं विणून दुरुस्त केलं. जाळ्यात चुकून आलेला लहान मासा तो ओल्या हातानं सोडवायचा आणि पाण्यात टाकायचा. त्या पावसाळ्यात आणि नंतरच्या दिवाळीपर्यंत त्यांच्या घरात पैशाची ओढाताण झाली. लेकाकडून पैसे मागावेत का, यावर नवरा-बायकोत एकदा बोलणं झालं आणि मावशी नको म्हणाली.

तिनं एकच गोष्ट केली. वीतभर लांबीची एक काठी पाटीशेजारी ठेवली आणि त्याहून लहान मासा, कुणीही आणला तरी, तागडीत घेणं बंद केलं. ढाबेवाले बारीक मासळी मागायला आले की ती सांगायची, मोठा मासा तुकडे करून देते, तो घ्या. काहींनी घेतला, काही दुसरीकडं गेले. मासे विकायला आणणारे तीन-चार जण तिच्यावर रागावले. पण चौकात तिची तागडी खरी, दांडीत कधी खोट नाही, उधारी लिहून ठेवणारी. त्यामुळं रागावलेलेही हळूहळू काठी लावून मासा आणायला लागले. संस्थेच्या बैठकीत आबानं आसाची गोष्ट काढली तेव्हा त्या तीन-चार जणांनी त्याच्या बाजूनं हात वर केला. बाकीच्यांनी केला नाही. पुढच्या बैठकीत त्यानं ती पुन्हा काढली.

उसाचा हंगाम संपत आला तेव्हा पुतण्या एका संध्याकाळी घरी आला. रुंद आसाचं नवं जाळं घ्यायचं होतं आणि पैसे कमी पडत होते. मावशीनं डब्यातून काढून मोजून दिले, कधी परत करायचे ते वहीत लिहिलं, आणि म्हणाली, "जुनं जाळं उद्या सकाळी हितं आणून टाक. ते कुणाला विकू नको."