ताप येऊ शकतो, हे आधी सांगा

आजार किती भयंकर आहे हे दाखवलं की आईबाप आपणहून लशीकडे वळतील, अशी आरोग्यप्रचाराची जुनी समजूत आहे. २०१४ साली अमेरिकेत ब्रेंडन नायहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १,७५९ पालकांवर तपासून पाहिली. काहींना गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा ऑटिझमशी संबंध नसल्याचा खुलासा दिला, काहींना या आजारांचे धोके लिहून दिले, काहींना आजारी मुलांची छायाचित्रं दाखवली, काहींना गोवराने मरता मरता वाचलेल्या तान्ह्या बाळाची हकीकत वाचायला दिली. पुढच्या मुलाला लस देण्याची तयारी यातल्या एकाही मजकुराने वाढली नाही. उलट छायाचित्रं पाहिलेल्यांचा लस-ऑटिझम संबंधावरचा विश्वास वाढला, आणि हकीकत वाचलेल्यांना लशीच्याच दुष्परिणामांची धास्ती जास्त वाटू लागली. खुलाशाने गैरसमज खरोखर कमी केला. पण लशीवर आधीच सर्वांत नाराज असलेल्या पालकांची तयारी तो वाचून आणखी घटली. असा उलटा परिणाम नंतरच्या अभ्यासांत दर वेळी दिसला नाही, हेही सांगायला हवं. तरी घाबरवून काम होतं, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही.

मला हे अगदी समजण्याजोगं वाटतं. तान्ह्या बाळाच्या आईला घाबरवलं की तिची भीती आपण बोट दाखवू तिकडेच जात नाही. ती सुईलाही घाबरते. शिवाय लस न देता गोवर झाला तर तो ‘झाला’, पण लस देऊन काही झालं तर ते ‘मी केलं’. हा सल फार खोल असतो. आकडेवारी समोर ठेवून तो निघत नाही, आणि आईला अडाणी ठरवून तर मुळीच नाही.

मग सांगावं कसं? अमेरिकेतल्याच डग्लस ओपेल यांच्या गटाने २०१३ मध्ये डॉक्टर आणि पालक यांच्यातल्या १११ संभाषणांचं चित्रीकरण अभ्यासलं. त्यांत लशीबद्दल साशंक पालक मुद्दाम जास्त घेतले होते. ‘आज या लशी द्यायच्या आहेत’ अशी सुरुवात झाली तिथे २६ टक्के पालकांनी हरकत घेतली. ‘लशींचं काय करायचं ठरवलंय?’ असं विचारलं तिथे ८३ टक्क्यांनी. फरक डोळ्यांत भरणारा आहे. मात्र याच गटाच्या पुढच्या अभ्यासात एक गोष्ट निघाली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते: पहिल्या पद्धतीने लशी जास्त दिल्या गेल्या, पण त्या भेटीबद्दल पालकांचं समाधान कमी होतं.

आपल्याकडच्या सरकारी केंद्रात पहिलीच पद्धत चालते. कार्ड आणलंय का, पाय घट्ट धरा, झालं, पुढच्या महिन्यात या. आईला विचारलं जात नाही, आणि तीही सहसा नाही म्हणत नाही. तिचा नकार केंद्रात नव्हे, रात्री घरात तयार होतो. दीड महिन्याच्या बाळाला पेंटाची, म्हणजे पाच आजारांविरुद्धची एकत्रित लस दिली की ताप येऊ शकतो, मांडी सुजते, पोर किरकिर करतं. सासू म्हणते, चांगलं खेळतं लेकरू होतं, सुई टोचून आणली आणि आजारी पडलं. सुनेकडे यावर उत्तर नसतं, कारण ते तिला कुणी दिलेलंच नसतं. अडीच महिन्यांच्या डोसची आठवण करायला आशाताई येते तेव्हा दारातूनच ‘नंतर बघू’ ऐकू येतं. कार्यक्रमाच्या कागदोपत्री हे ‘नकार देणारं कुटुंब’. खरं तर ते माहिती न मिळालेलं कुटुंब असतं.

नियम चांगला आहे. लस दिल्यावर सिस्टरने चार गोष्टी सांगायच्या: कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, पुढे कधी यायचं, कार्ड जपून ठेवून सोबत आणायचं. एका सत्रात पन्नास बाळं रांगेत असली की यातली दुसरी गोष्ट सर्वांत आधी गळते. तिला वेळ लागतो, आणि त्रासाचं नाव काढलं तर माणसं बिचकतील अशी भीतीही असते. शाळांमधल्या गोवर-रुबेला मोहिमेच्या जाहिरातींबाबत जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात हाच युक्तिवाद झाला होता. न्यायालयाने तो मानला नाही. जाहिरात पालकांना माहिती देण्यासाठीच असते आणि लशीआधी त्यांची संमती हवी, असं बजावलं. मला हा निर्णय लसीकरणाच्या बाजूचाच वाटतो. आधी सांगितलेला ताप हा लशीचा नेहमीचा परिणाम ठरतो. न सांगितलेला ताप फसवणूक ठरतो.

म्हणून एखाद्या घोषवाक्यावर खर्च करण्याआधी सिस्टरला आणखी दोन मिनिटं मिळावीत, म्हणजे सत्राला आणखी एक माणूस मिळावं. ‘रात्री अंग तापेल कदाचित, मांडी दुखेल, दोन दिवसांत उतरतं. हे औषध एवढ्या मापाने द्या. ताप उतरला नाही किंवा पोर रडायचं थांबलं नाही, तर या नंबरावर मला फोन करा.’ आणि आशाताईने त्याच संध्याकाळी घरी डोकावून हेच सासूलाही सांगावं.