उसनी खेळी

क्लबात खेळणारा एखादा ग्रुनफेल्ड बचाव शिकायला घेतो. पांढऱ्याला पटाचा मध्य प्याद्यांनी व्यापू द्यायचा आणि मग राजाकडच्या उंटाने, बाजूच्या प्याद्याने तोच मध्य पोखरायचा. दहा-बारा खेळ्या घोकून होतात, डावही जिंकता येतो. पण तो विजय त्याचा, की पुस्तकाचा?

नावावरून मालकी ठरत नाही. व्हिएन्नाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी १९२२ मध्ये हा बचाव रूढ केला. कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी १८५५ मध्येच जॉन कॉक्रनविरुद्ध याच वाटेने खेळले होते.

खेळीचा कस लागतो तो प्रतिस्पर्ध्याने पाठ केलेली वाट सोडल्यावर. मध्य का सोडला हे ज्याला उमगले आहे, तो उत्तर शोधू लागतो. ज्याने नुसते घोकले, त्याने मध्य फुकट दिलेला असतो.

आपली बहुतेक मतेही अशीच वाडवडिलांकडून, पुस्तकांतून आलेली. ती उसनी आहेत यात लाज नाही. मात्र अनपेक्षित प्रश्न आल्यावर त्यांची कारणे देता येत नसतील, तर ती मांडताना आवाज थोडा खाली ठेवावा.