बालकाचा देह आणि पालकांची अमानत

एखाद्या मुलाच्या जन्मानंतर घरात कौतुकाने कुजबुज होते, ‘याची सुंता फरिश्त्यांनीच केली!’ शिश्नाच्या अग्राची त्वचा खालच्या बाजूस अपुरी असते आणि मूत्रछिद्र टोकाऐवजी खाली असते. वैद्यकशास्त्र यास ‘हायपोस्पॅडियास’ म्हणते. गर्भावस्थेत मूत्रमार्गाची घडण अपुरी राहिल्याने असे होते. यात चमत्कार नाही, आणि लाजेचे कारणही नाही.

अशा बालकावर शस्त्रक्रिया करावी काय? अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करणे पवित्र कुरआनने (सूरह निसा, आयत ११९) निषिद्ध मानले आहे, असा आक्षेप काही बंधू घेतात. परंतु व्यंगावर उपचार करणे त्यात मोडत नाही. कुलाबच्या युद्धात नाक गमावलेल्या हजरत अरफजा (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोन्याचे नाक बसविण्याची अनुमती दिली, वास्तविक पुरुषांना सोने वर्ज्य आहे.

खरा प्रश्न असा, की ज्याला स्वतः बोलता येत नाही त्याच्या वतीने आपण कोणत्या कारणासाठी संमती देतो? शिश्न वाकलेले असेल, मूत्रधार मागे वळत असेल, पुढे वैवाहिक जीवनात बाधा येण्याचा संभव असेल, तर संकोचाने टाळाटाळ करणे ही अमानतीत खयानत होय. ही शस्त्रक्रिया सामान्यतः सहा ते अठरा महिन्यांच्या वयात केली जाते. परंतु छिद्र किंचितच खाली असेल आणि मुलाला उभ्याने लघवी करता यावी एवढाच आग्रह असेल, तर थांबून विचार करावा. हजरत आयेशा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित (स.) बसूनच लघवी करीत. शस्त्रक्रियेनंतर मूत्रमार्ग अरुंद होणे, नवे छिद्र पडणे, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे, हेही संभवते. केवळ लोकलज्जेपोटी बालकाला या जोखमीत लोटणे न्याय्य नाही.

एक गोष्ट मात्र निःसंशय आहे. तज्ज्ञाच्या तपासणीपूर्वी अशा बालकाची सुंता करू नये. कारण मूत्रमार्ग घडविताना तीच त्वचा उपयोगी पडते. सुंता हनफी मतानुसार सुन्नत आहे, कोकणातील शाफई बांधवांच्या मतानुसार वाजिब; परंतु अपाय होणार असल्यास ती लांबणीवर टाकण्याची मुभा दोन्ही मतांत आहे.

देह मुलाचा आहे, आपण त्याचे केवळ राखणदार. मोठा होऊन त्याने विचारले, तर निर्णयाचे कारण त्याला निःसंकोचपणे सांगता यावे. अल्लाह आपणांस ती सुबुद्धी देवो. आमीन.