खपलीखालची तोड

चिकोडी-निपाणी पट्ट्यात गळीत हंगाम लागला की फडात कोयता कधीतरी कुणाच्या बोटाला लागतोच. तुमच्या अंगावरची अशी एखादी जुनी खूण शोधा. तिच्यावर अलगद बोट ठेवा. श्वास आपल्या चालीने येऊ द्या, जाऊ द्या.

आधी ती पहिली काही मिनिटं आठवा. रक्तात विरघळून फिरणारं फायब्रिनोजेन. थ्रॉम्बिनने त्याला छाटलं आणि त्याचे फायब्रिनचे धागे झाले. धाग्यांत तांबड्या पेशी अडकल्या, गुठळी झाली, रक्त थांबलं. आपण इथेच सुटलो म्हणतो. शरीर तसं म्हणत नाही. यकृतात तयार झालेलं प्लाझ्मिनोजेन त्याच धाग्यांत निपचित अडकून असतं. त्याला जागं करणारं विकर आलं की त्याचं प्लाझ्मिन होतं, आणि ते धागे कापू लागतं.

आता खपलीच्या खाली उतरा. घाई नको.

कडेच्या त्वचेच्या पेशीला आत सरकायचंय आणि समोर फायब्रिन दाटलंय. तोडकरी पुढचा ऊस तोडत तोडतच फडात शिरतो, तशी ही पेशी पुढच्या काठावर युरोकायनेज हे जागं करणारं विकर बाळगते, तिथल्या तिथे प्लाझ्मिन जागवते आणि कापलं तेवढीच पुढे जाते. केशवाहिन्यांनाही नवे कोंब फुटतात ते अस्तराच्या पेशींनी आपल्याच वाहिनीभोवतालचं आवरण असंच आधी सैल केल्यावर.

प्लाझ्मिनोजेन नसलेल्या उंदरांच्या जखमा फार रेंगाळतात, हे 1996 साली दिसलं. फायब्रिनोजेनही नसलेल्या उंदरांच्या मात्र पुन्हा नीट भरल्या! कापणारा नव्हता, पण कापायलाही काही नव्हतं. मला हा दुसरा प्रयोग जास्त आवडतो. त्याच्यापाशी थोडं रेंगाळा.

आणखी एक गंमत. ज्यूडा फोकमन यांच्या बोस्टनमधल्या प्रयोगशाळेने 1994 मध्ये अँजिओस्टॅटिन शोधलं. नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारा हा पदार्थ म्हणजे प्लाझ्मिनोजेनचाच तुकडा. वाट काढणाऱ्याच्याच पोटात थांबवणारा!

निपाणीजवळ बसून तंबाखूचं नाव टाळणं बरं नव्हे. निकोटीनने वाहिन्या आकसतात, धूम्रपानाने जखम भरायला उशीर होतो. विडी जवळ असेल तर आत्ता राहू द्या.

एखादी खपली ताजी असेल तर खाजेल. खाजू द्या. नख लावू नका. दोन्ही कडांच्या पेशी मध्यावर भेटेपर्यंत खाली तोड चालूच आहे.