कोटातली पाऊणकी

मी कोटात राहतो असं सांगितलं की समोरचा आधी खात्री करून घेतो, "राहता? की ऑफिस आहे?" फोर्टात माणसं कामाला येतात, राहायला नाही, असा बहुतेकांचा पक्का समज. बोराबाजारच्या गल्ल्यांत वरच्या मजल्यांवर वाळत घातलेले कपडे त्यांना दिसत नाहीत, कारण सकाळी बोरीबंदरला उतरून निघालेला माणूस वर बघत नाही. मग पुढचा प्रश्न येतो, तोही ठरलेला : "रविवारी काय करता हो तिथे? सगळं बंदच असेल."

बंद असतं, हे खरं. पूर्वी मी या प्रश्नाला यादीने उत्तर द्यायचो. हॉर्निमन सर्कलच्या बागेला एक फेरी, मग एशियाटिकच्या पायऱ्यांवर टेकायचं. पुढे बॅलार्ड इस्टेटच्या रिकाम्या रस्त्यांवरून हिंडायचं, आणि सोबत कोणी पाहुणा असेल तर त्याला सांगायचं की अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीवर हा सगळा भाग उभा आहे, आणि गेटवे ज्याने बांधला त्याच जॉर्ज विटेटने इथल्या इमारतींचा थाट ठरवला. पाहुणे खूश होतात. पण रोज राहणाऱ्याला ही यादी दोन महिने पुरते. मला आजवर पुरलेली गोष्ट एकच, आणि ती दिली आमच्या दारावर येणाऱ्या मासेवालीने.

एकदा तिची पाटी जवळजवळ रिकामी होती. आईने विचारलं तर म्हणाली, "आज भांग हाय बाय, म्हावरं कुठून येनार?" अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जोरात चढतं आणि जोरात उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला पाण्याची ओढ मंदावते, तो भांग. डोल जाळं प्रवाहाच्या जोरावर भरतं. ओढ नसली की जाळं नुसतं लोंबकळत राहतं, आणि बोंबील महागतो. इतकी वर्षं मी बोंबलाचा भाव मासेवालीच्या मर्जीवर आहे असं समजत होतो. तो चंद्रावर होता.

मी उगाच खोलात शिरलो. भरती कधी, हे तुम्हाला कळतं कसं? तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि म्हणाली, तिथीची पाऊणपट करायची. बस्स. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. दिवसातून दोनदा भरती, त्यांच्यामध्ये साधारण सहा-सहा तासांनी ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तास पुढे. लहानपणी आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेतली होती, तेव्हा वाटायचं, हे कधी कुणाच्या कामाला येणार? आलं पंचेचाळीस वर्षांनी कामाला.

ठोकताळाच आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. पण घड्याळ लावायचं नाहीये, बघायला जायचंय, तेवढ्याला पुरतो.

पहिल्या दिवशी अष्टमी बघून सकाळी सहाला गेटवेला गेलो. कबुतरं होती, कचरा झाडणारे होते, फोटोवाले अजून यायचे होते. कठड्यावरून खाली पाहिलं तर पाणी पायऱ्यांवर होतं, पण हात राखून. पुढे पौर्णिमेला दुपारी बाराला गेलो, तेव्हा तेच पाणी कितीतरी पायऱ्या गिळून वर आलेलं, आणि लाँचची फळी जवळजवळ आडवी. संध्याकाळी सहाला पुन्हा गेलो. पायऱ्या खालपर्यंत उघड्या, वर कोरडा करडा दगड, मग हिरवं शेवाळ, त्याखाली कालवं चिकटून खडबडीत झालेला काळा पट्टा. लाँचमधून उतरलेली एक आजीबाई दोन खलाशांच्या हातांना धरून एकेक पायरी चढत होती. दुपारी आली असती तर हीच चढण तिला अर्धी पडली असती. मुंबईत पाणी उधाणाला चार-साडेचार मीटर वरखाली होतं हे वाचून माहीत होतं. मीटर म्हणजे किती, ते त्या आजीबाईच्या गुडघ्यांनी दाखवलं.

आमच्या भागात समुद्र तीन बाजूंनी आहे आणि तरी दिसत नाही, ही माझी जुनी तक्रार. बोरीबंदर, चिंचबंदर, मस्जिद बंदर, वाडीबंदर : नावांत बंदरं उरली, पाणी सरकलं. पी. डिमेलो रस्त्याने चालत जा, एका बाजूला गोदीची भिंत सुटतच नाही. तिच्यावरून क्रेनची मान दिसते, कधी एखाद्या जहाजाचं धुरांडं. कोटाची भिंत 1860 च्या दशकात पाडली म्हणून आपण कौतुकाने सांगतो. समुद्राच्या बाजूची भिंत कोणी पाडणार आहे का, हे विचारायला हवं. तोवर सामान्य माणसाला पूर्वेचं पाणी हाताशी मिळतं ते मोजक्या ठिकाणी : पालव्याला, म्हणजे गेटवेजवळच्या अपोलो बंदरावर, आणि तिकडे भाऊच्या धक्क्यावर.

भाऊच्या धक्क्यावर तर तिथी माहीत असणं चैन नाही, गरज आहे. रेवस आणि मोऱ्याच्या धक्क्यांपाशी गाळ साठलेला. ऐन ओहोटीला निघालात तर पलीकडे लाँच पाण्याची वाट बघत थांबते आणि तुम्ही अलिबागच्या एसटीची वेळ आठवत बसता. मी एकदा बसलोय. शेजारचे काका शांतपणे शेंगदाणे खात होते. त्यांनी आधीच हिशेब केला होता, तासभर धरूनच घरून निघाले होते.

दहा वाजता फोर्टात माणसांची भरती येते आणि सहाला ओहोटी लागते, असं लिहायचा मोह होतो. लिहिलंही आहे अनेकांनी. पण ही उपमा कच्ची आहे. माणसांची भरती रोज दहालाच येते, अष्टमी असो की अमावास्या. तिला पाऊण तास पुढे सरकायची मुभा नाही. सरकली तर लेट मार्क.

या भागात वेळ सांगणाऱ्या दोन जागा एकाच वर्षी सुरू झाल्या, हे मला फार उशिरा कळलं. राजाबाई टॉवर पुरा झाला 1878 मध्ये. अपोलो बंदरावर पाण्याची पातळी मोजायला सुरुवात झाली, तिचीही नोंद 1878 पासूनची. टॉवरकडे बघून लोकांनी घड्याळं लावली, परीक्षेला धावले, गाड्या पकडल्या. दुसऱ्या नोंदीकडे शास्त्रज्ञ सोडून कुणी फिरकलं नसेल. हिंदी महासागरातल्या सगळ्यात जुन्या नोंदींत ती धरली जाते, आणि समुद्र किती वर चढतोय याचा हिशेब तिच्यावरून मांडतात. पावसाळ्यात भरती आणि पाऊस एकाच वेळी आले की शहराचं पाणी समुद्र आत घेत नाही, गटारं तुंबतात. त्या दिवसांत महापालिका मोठ्या भरतीचे दिवस आधीच जाहीर करते. आमच्या मासेवालीला ती यादी लागत नाही.

आता कोणी विचारलं, तिथे राहून करता काय, तर मी सांगतो : स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयात तिथी बघतो आणि पाऊणकी म्हणतो. विचारणारा हसतो. हसू दे.

उद्या एकादशी. गेटवेला सव्वाआठच्या सुमारास भरती आहे. नऊची हजेरी असलेल्यांनाही जमेल, एक गाडी आधीची पकडा.