शाळेची खोली कोणासाठी?

शाळेच्या खोलीतील अडगळ हा नीतीचा प्रश्न आहे असे म्हटले, तर पुष्कळांस हसू येईल. ते केरसुणीचे काम, त्यात नीती ती काय, असे ते विचारतील. तथापि ज्या खोलीत लेकरांची बुद्धी घडावयाची, तेथे काय ठेवावे व काय काढावे हे ठरविणे म्हणजे ती खोली कोणाची हे ठरविणे होय. म्हणून ह्या गोष्टीचा थोडा विचार करू.

आपल्या रेणापूर भागातील एखाद्या खेड्याची शाळा डोळ्यांपुढे आणा. एका कोपऱ्यात मोडक्या बाकांचा ढीग; दुसऱ्या कोपऱ्यात तांदळाची पोती; भिंतीवर तक्त्यांवर तक्ते, त्यांतील कित्येकांची अक्षरे उडालेली; आढ्याला गेल्या वर्षीच्या पताका; कपाटावर फुटका पृथ्वीगोल. ह्यांतील एकही वस्तू वाईट हेतूने आली नाही. कोणी देणगी म्हणून दिली, कोणी हौसेने चिकटविली, कोणी पुढे उपयोगी पडेल म्हणून ठेविली. मग दोष कोणाचा?

ह्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन शिकविले आहे. आपल्याकडील जुन्या घरांवर माळवद असे. ते गळू नये म्हणून वेळोवेळी त्यावर मातीचा थर चढवीत. मातीच्या एका पाटीत काही पाप नव्हते. घरधन्याची ती काळजीच होती. परंतु ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या भिंती व ती जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळून हजारो जीव गेले. शाळेतील पसाऱ्याची त्या संकटाशी बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. एवढेच दाखवावयाचे आहे की, प्रत्येक भर चांगल्या हेतूची असली तरी बेरीज चांगली असतेच असे नाही. आणि बेरजेचा हिशेब कोणीच केला नाही, तर तिचे ओझे शेवटी खाली असलेल्यांवर पडते.

शाळेत खाली असलेली ती लेकरे होत. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवर्गातील २४ मुलांस त्यांनी काही पाठ चित्रांनी भरलेल्या भिंतींच्या खोलीत व काही पाठ मोकळ्या भिंतींच्या खोलीत दिले. भरलेल्या खोलीत मुलांचे लक्ष अधिक वेळ भरकटले. तेथे शंभरांत सुमारे ४२ उत्तरे बरोबर आली, मोकळ्या खोलीत सुमारे ५५. प्रयोग लहान आहे, आणि भिंती तुरुंगासारख्या उघड्या कराव्या असा त्याचा अर्थ नव्हे. परंतु वडील माणसांस जी शोभा वाटते, ती लहानांस अडथळा होऊ शकते, हे त्यावरून कळते.

मग आपण ह्या वस्तू का काढीत नाही? तीन कारणे दिसतात. पहिले भय: वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढली आहे, ती हलविली तर जाब कोण देणार? दुसरे भीड: देणाऱ्यास काय वाटेल? तिसरे दिखावा: तपासणीला साहेब आले तर भिंत भरलेली दिसावी. ही तीनही कारणे वडील माणसांची आहेत. ह्यांत लेकरू कोठेच नाही.

कोणी म्हणेल, "ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाटीपेन्सिलीसाठी हात पसरले, त्याला वस्तू टाका म्हणून सांगणे ही क्रूरता आहे." हा आक्षेप खरा आहे, आणि तो हलका मानू नये. परंतु काढणे म्हणजे फुकट घालविणे नव्हे. शेतकरी ज्वारीची विरळणी करतो तेव्हा केवळ तण उपटीत नाही, चांगली रोपेही उपटतो. नाहीतर एकाही ताटाला नीट कणीस धरत नाही. त्याला कोणी उधळ्या म्हणत नाही.

गरिबीचा विचार ज्यांनी केला, त्यांनी पसारा वाढविला नाही. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम आरंभिले. १९५७ साली ते जवळच्या कोसबाडला नेले, आणि अनुताई वाघ ह्यांनी त्यात आपले आयुष्य वेचले. आदिवासी मुलांस महाग साधने कोठून मिळणार? म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने ह्यांवरच मोजणे व वर्गवारी शिकविली. अशा साधनाला कपाट लागत नाही, कुलूप लागत नाही, आणि काम झाले की ते अंगणात परत जाते.

कुलपाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. माझ्या मते खरी अडगळ मोडक्या बाकांत नाही. ती कुलूपबंद कपाटातील गोष्टींच्या पुस्तकांत आहे. प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सांगितले आहे. पण हरवेल, फाटेल ह्या भीतीने पुस्तक कोंडून ठेविले, तर ते वाळवीसाठी राखले असे होईल. दहा लेकरांनी हाताळून फाटलेले पुस्तक आपले काम करून गेले. कोरे राहून पिवळे पडलेले पुस्तक मात्र वाया गेले.

तेव्हा गुरुजनांनी व पालकांनी असे करावे. प्रत्येक वस्तूपुढे उभे राहून एकच प्रश्न पुसावा: गेल्या तीन महिन्यांत कोणत्या मुलाने हिला हात लाविला? उत्तर मिळाले तर ती मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर ठेवावी. न मिळाले तर, दुरुस्त होण्याजोगी असल्यास दुरुस्त करावी, दुसऱ्या शाळेस उपयोगी असल्यास रीतसर मागणी पाहून द्यावी, आणि निकामी असल्यास शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडून नियमाप्रमाणे तिचे निर्लेखन करून घ्यावे. नोंदवही भिण्यासाठी नाही, त्यासाठीच आहे. तक्ते सगळे एकदम न लावता चालू पाठाचेच लावावे. कपाटावरील जड वस्तू आजच खाली घ्याव्या, कारण आपला मुलूख भूकंपाचा आहे. आपल्या मंडळीच्या शब्बाथशाळेच्या खोलीसही हाच नियम लावावा.

ज्यांच्या घरी एकच खोली आहे, त्यांनी निराश होऊ नये. अभ्यासाला वेगळी खोली लागत नाही. एक चटई मावेल एवढा कोपरा, बरा उजेड, आणि संध्याकाळी तासभर तेथे दुसरे काही न ठेवण्याचा घरच्यांचा निश्चय एवढे पुरे. ती जागा लेकराची आहे हे त्याला कळले, म्हणजे ते तेथे आपण होऊन बसू लागेल.