सोसणं म्हणजे काय? (गीता, अध्याय २, श्लोक १४)

॥ श्रीहरिः ॥



आज चिंतनाला दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक आहे. अर्थ सगळ्यांना ठाऊक असलेला. इंद्रियांचा बाहेरच्या गोष्टींशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख जाणवतं. ते येतं तसं जातं, कायमचं राहत नाही. म्हणून भगवंत म्हणतात, अर्जुना, तू ते सोस. या सोसण्याला गीतेत 'तितिक्षा' असा शब्द आहे.

सोसायचं म्हणजे नेमकं काय करायचं? दात-ओठ खाऊन गप्प बसायचं? की काही झालंच नाही असं दाखवायचं? सत्संगात हा प्रश्न नेहमी निघतो. आज मी त्याचं उत्तर आमच्या घरातल्या एका हिवाळ्याच्या आधारानं शोधणार आहे.

आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला एका लहान गावात राहतो. इथे हिवाळ्यात समुद्रावरून वादळं येतात. वारा ईशान्येकडून, म्हणून इथले लोक त्यांना 'नॉरईस्टर' म्हणतात. २०१५ साली २६ जानेवारीला रथसप्तमी होती. सूर्याचा रथ वळतो, आता ऊन वाढायला लागणार, असं आपण म्हणतो. सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे आल्या होत्या. अंगणात गोवरी पेटवणं इथे कुठलं, म्हणून त्यांनी गॅसवरच लहान भांड्यात दूध उतू घालवलं, सूर्याला हात जोडले. आणि त्याच रात्री पहिलं वादळ आलं! रस्त्यावर गाड्या काढायला राज्यभर बंदी, शाळा बंद, बॉस्टनमध्ये दोन फूट बर्फ. आई खिडकीतून बघून म्हणाल्या, "अगं, सूर्यनारायण रथ घेऊन निघालेत खरे, पण रस्ता बंद आहे वाटतं!"

पुढे २ फेब्रुवारीला दुसरं वादळ. ७ तारखेपासून तिसरं, ते तीन-चार दिवस रेंगाळलं. १० तारखेला बॉस्टनच्या लोकल आणि मेट्रो गाड्या दिवसभर बंद होत्या. १४-१५ ला चौथं. एकट्या फेब्रुवारीत ६४ इंचांहून जास्त बर्फ पडला आणि पूर्ण हिवाळ्याचा आकडा १०८ इंचांच्या वर गेला. १९९५-९६ सालचा विक्रम मोडला. १०८ इंच म्हणजे नऊ फूट. आपल्याकडे १०८ म्हटलं की जपमाळ आठवते. इथे बर्फाचीच माळ ओढत होतो म्हणा ना!

आता आमच्या घरातली गोष्ट. त्याआधीच्या नोव्हेंबरात माझ्या यजमानांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले होते. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, या हिवाळ्यात फावड्याला हात लावायचा नाही. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, त्यात ओल्या बर्फाचं ओझं हातांनी उचललं की हृदयावर एकदम ताण येतो. इथे दर हिवाळ्यात बर्फ काढताना माणसं जातात. त्यामुळे फावडी दोघांच्या हातात, माझ्या आणि दहावीतल्या मुलाच्या. बर्फ काढायचा, गाडी मोकळी करायची. भट्टीची आणि ड्रायरची बाहेर निघणारी नळी आधी मोकळी करायची, कारण ती बुजली तर विषारी वायू घरात शिरतो. एवढं करून आत येऊन चहा ठेवावा, तर टाऊनचा प्लाऊ रस्ता साफ करत जाणार आणि आमच्या दारापुढे बर्फाची नवी भिंत घालून जाणार. पुन्हा बाहेर!

आणि यजमान? ते खिडकीत उभे. थंडी आम्हाला लागत होती, पण त्रास सगळ्यात जास्त त्यांना होत होता. ज्या माणसानं वीस वर्षं स्वतःचं अंगण स्वतः साफ केलं, त्यानं आत उबेत उभं राहून बायकोला आणि पोराला राबताना बघायचं. ते आमच्यावर चिडायचे. फावडं असं नाही धरायचं, बर्फ तिकडे नाही टाकायचा. मग बोलणंच बंद. जेवायला बसले की ताटात बघून जेवायचे.

दुसऱ्या वादळानंतर एक दिवस सकाळी बाहेर घरघर ऐकू आली. बघतो तर समोरचे सत्तरीतले शेजारी त्यांचं बर्फ उडवायचं यंत्र घेऊन आमच्या दारापुढची ती भिंत फोडत होते. न सांगता, न विचारता. मला तर देव भेटल्यासारखं झालं. यजमानांचा चेहरा मात्र उतरला. म्हणाले, "माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस माझं अंगण साफ करतोय. आता हेही बघायचं राहिलं होतं."

मंडळी, इथे मला गीतेतली एक गोष्ट दिसली, ती तुमच्यापुढे ठेवते. या चौदाव्या श्लोकात भगवंत दोनच जोड्या सांगतात, थंडी-ऊन आणि सुख-दुःख. पण हाच विषय सहाव्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात पुन्हा येतो, तेव्हा एक जोडी वाढलेली असते. ती म्हणजे मान-अपमान. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना, अठराव्या श्लोकात, ती पुन्हा आहे. मला वाटतं ही भगवंतांची शिकवण्याची पद्धत आहे. थंडी-ऊन ही पहिली इयत्ता. अंगावर कोट चढवला, शेकोटी केली की भागतं. मान-अपमानाला कुठला कोट? तो धडा वरच्या इयत्तेतला. आमच्या घरात बर्फ सगळ्यांच्या अंगावर सारखाच पडत होता, पण आम्ही दोघं पहिलीत होतो आणि यजमानांना एकदम वरच्या वर्गात बसवलं होतं.

दुसरी गोष्ट आमच्या छपरानं शिकवली. तिसऱ्या वादळानंतर जेवणघराच्या भिंतीवरून पाणी ओघळायला लागलं. बाहेर सगळं गोठलेलं, मग पाणी आलं कुठून? माहीतगार माणसानं समजावून सांगितलं. घरातली ऊब माळ्यातून निसटते आणि छपराला खालून तापवते. त्यावरच्या बर्फाचा तळचा थर वितळतो. ते पाणी उताराने वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर, तिथे ऊब पोचत नाही, म्हणून तिथे ते पुन्हा गोठतं आणि बर्फाचा बांध तयार होतो. मागचं पाणी त्या बांधाला अडतं आणि छपराच्या फटींतून घरात शिरतं. त्या हिवाळ्यात इथे घरोघरी हेच. लोक बायकांच्या लांब पायमोज्यांमध्ये बर्फ वितळवायचं क्षार भरून ते छपरावर टाकत होते, पाण्याला वाट करून द्यायला. आम्हीही टाकले.

म्हणजे बघा, बर्फ बाहेरचा होता, पण घर गळलं ते आतून निसटलेल्या उष्णतेनं! मनाचंही असंच आहे. परिस्थितीचा बर्फ डोक्यावर पडतो, तो पडणारच. पण आतला संताप, आतली जळजळ वर चढत राहते, वाट न मिळता कुठेतरी गोठते, आणि मग भलत्याच ठिकाणी पाझरते. बायकोच्या फावडं धरण्यावर, मुलाच्या बोलण्यावर, ताटातल्या भाजीवर. तितिक्षा म्हणजे हे गळणं थांबवणं. थंडी जाणवू द्यायची नाही असा तिचा अर्थ नाही. भगवंत 'थंडी नाहीच' असं कुठेही म्हणत नाहीत. ती आहे, ती लागते, हे त्यांनी आधीच मान्य केलंय.

शंकराचार्यांच्या नावानं प्रसिद्ध असलेल्या विवेकचूडामणीत तितिक्षेची व्याख्या आहे. दुःखावर उपाय करत न बसता, चिंता आणि विलाप न करता ते सोसणं, असा तिचा भाव. यावर कोणी विचारेल, मग फावडं कशाला उचलायचं? बर्फ पडू दे, सोसू! पण ती व्याख्या सर्वस्व सोडून निघालेल्या साधकासाठी आहे. गीता ऐकतोय तो अर्जुन, ज्याच्यापुढे काम उभं आहे. चौदाव्या श्लोकात 'सोस' म्हणणारे भगवंत अठराव्या श्लोकात त्यालाच 'लढ' म्हणतात. मधे फक्त तीन श्लोक! तेव्हा आपल्यासारख्या संसारी माणसांनी असं धरावं: काढता येतो तो बर्फ काढायचा, रडगाणं मात्र सोडायचं. आणि ज्याला डॉक्टरांनी काढू नको म्हटलंय, त्यानं न काढणं हेच त्याचं लढणं. त्याच्या वाट्याला आलेली लढाई खिडकीतली आहे.

पण हे सगळं मी यजमानांना सांगायला गेले असते तर त्यांनी ऐकलं असतं का? नवऱ्याला बायकोनं केलेलं प्रवचन कधी पचलंय! सांगितलं ते सासूबाईंनी. मटार सोलता सोलता, मुलाकडे न बघताच. म्हणाल्या, "अरे, तुझे वडील गावच्या भंडाऱ्यात जन्मभर वाढपी होते. शेवटच्या वर्षी उभं राहवेना, तर लोकांनी त्यांना पंगतीत बसवलं. काय रडले होते त्या दिवशी! मी म्हटलं, अहो, पंगतीला वाढणारा लागतो तसा जेवणारापण लागतोच की. जेवणाराच नसेल तर वाढणाऱ्यानं भांडं घेऊन कुठं जायचं?"

यजमान काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं येऊन बसले आणि मटार सोलायला लागले.

चौदाव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला 'कौंतेय' म्हणतात, कुंतीचा मुलगा. जिनं वनवास पाहिला, वैधव्य पाहिलं, आणि भागवतात जिनं देवाकडे संकटंच मागितली, तिचा मुलगा. सोसण्याचा धडा देताना भगवंतांनी आईची आठवण करून द्यावी, याचा अर्थ मला त्या दिवशी त्या मटारच्या शेंगांत सापडला.

त्यानंतर यजमान एकदम स्थितप्रज्ञ झाले असं मी लिहिणार नाही. चौथ्या वादळातही खिडकीत येरझाऱ्या होत्याच. पण शेजारी पुन्हा यंत्र घेऊन आले, तेव्हा हे कोट घालून दारापर्यंत गेले, हात हलवला, आणि काम झाल्यावर त्यांना आत बोलावून आल्याचा चहा आणि संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू दिले. शेजाऱ्यांनी लाडू दातानं फोडायचा प्रयत्न केला आणि हसत खिशात टाकला. मंगळवारी, १७ तारखेला महाशिवरात्र होती. देवळात जाता आलं नाही. घरातच पिंडीवर अभिषेक केला. यजमानांनी रुद्र म्हटला, आम्ही बसून ऐकला. त्या दिवशी त्या घरात वाढणारे ते होते, जेवणारे आम्ही.

आणि 'येतं तसं जातं' या शब्दांबद्दल एक सांगायचं राहिलं. जातं, असं भगवंत म्हणतात. लवकर जातं, असं म्हणत नाहीत. त्या हिवाळ्यात बॉस्टन शहरानं रस्त्यांवरचा बर्फ ट्रकांनी उचलून बंदराजवळच्या मोकळ्या जागेत रचला होता. त्याचा डोंगर झाला. वसंत आला, उन्हाळा आला, डोंगर काळा पडला, त्यातून कचरा दिसायला लागला, पण तो होताच. शेवटी तो वितळला १४ जुलैला! जानेवारीत पडलेला बर्फ भर उन्हाळ्यात गेला. तुमच्या घरातही एखादं दुःख असं असेल. आजारपण, नोकरी गेल्याचा सल, माणूस गेल्याची पोकळी. बाकीच्यांचे ऋतू बदलले तरी तुमच्या कोपऱ्यात तो ढीग अजून असेल. म्हणून गीता खोटी ठरत नाही. तोही रोज थोडा थोडा जातोय, डोळ्यांना दिसत नाही इतकंच.

आजचा नेम : आज कोणी आपल्यासाठी काही करायला आलं, तर "कशाला, मी करतो ना" असं म्हणायच्या आधी एक श्वास थांबायचं. जमलं तर घ्यायचं. नुसतं घ्यायचं, परतफेडीचा हिशेब न मांडता. आणि घरात कोणी आजारपणानं, वयानं खिडकीत बसून असेल, तर त्याच्याकडे आज एक काम मागायचं. मटार सोलायचं का असेना.

उद्या पंधरावा श्लोक घेऊ.

जय जय रामकृष्ण हरी!